अकरा संतांचा रादिशा

एनॅमलचं पातेलं जमिनीवर पालथं घालायचं आणि बुटांसकट त्याच्यावर उभं राहायचं, ही रादिशाची विक्रीची पद्धत. पहिल्यांदा तो माझ्या दुकानात आला तेव्हा सडपातळ होता आणि पातेलंही मोठं होतं, त्यामुळे ते शोभून गेलं. तीस वर्षांत त्याचं वजन दीडपट झालं, पण सवय सुटली नाही. गिऱ्हाइकं बाजूला सरकायची, रादिशा काउंटरला धरून वर चढायचा आणि तिथून म्हणायचा, “यागोदाताई, शोधा! कुठं टवका उडालाय का, शोधून दाखवा!” टवका उडालेला नसायचाच. पातेल्यात खोट नव्हती. खोट वर उभी होती.

पोझेग्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. नवरा होता तोवर दोघांचं होतं, आता माझं एकटीचं. रादिशा चाचाकचा, लाल रंगावर पांढरे ठिपके असलेली भांडी करणाऱ्या कारखान्याचा विक्री प्रतिनिधी. उझित्सेपासून इवान्यित्सापर्यंतची त्रेचाळीस दुकानं त्याच्याकडे. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले नमुने, पुढच्या सीटवर टोपी, आणि कोटाच्या आतल्या खिशात एक वही. वहीत कुठल्या दुकानात किती पातेली खपली ते लिहिलेलं असेल, असं कोणालाही वाटेल. छे! वहीत आमचे संत होते.

आमच्याकडे घराघराचा एक संत असतो. तो बापाकडून मुलाला येतो, आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो, ती त्या घराची स्लावा. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो आपण होऊन येतो, जो येत नाही त्याचं नाव वर्षभर लक्षात राहतं. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला त्रेचाळीस दुकानदारांना खूश ठेवायचंय त्याने काय करायचं? सुरुवातीला रादिशा बिचारा खरंच सगळीकडे जायचा. डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी तर एकाच दिवसात नऊ घरं. नऊ घरांतला उकडलेल्या गव्हाचा गोड घास, नऊ घरांत राकियाचा कडक ग्लास, नऊ घरांत मासा, आणि नवव्या घरी जेवला नाही तर तिथल्या गृहिणीचे डोळे भरून येणार. तीन वर्षांत डॉक्टरने त्याला सांगितलं, एक तर लिव्हर ठेव नाही तर दुकानदार.

रादिशाने दोन्ही ठेवलं. त्याला युक्ती सुचली, आणि ती इतकी साधी होती की मला अजूनही तिचा हेवा वाटतो. त्याने प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, “अहो, काय योगायोग बघा, आमच्या घराचाही तोच संत!”

झालं. ज्याची स्लावा त्याच दिवशी आहे तो आपल्या घरी उभा राहून पाहुण्यांचं बघणार. त्याने आपल्याकडे यावं अशी अपेक्षा कोण करेल? उलट तो आता नुसता भांडीवाला राहत नाही, जवळपास भाऊबंद होतो. ज्या दिवशी जाऊन पोट फुटेस्तोवर खायचं, त्या दिवशी सकाळी नुसता फोन करायचा. “यागोदाताई, तुम्हाला संताचे आशीर्वाद! काय करू, माझ्याकडेही दारात पाहुणे उभे आहेत, ठेवतो.” नंतर कळलं, त्या दिवशी हा मोरावा नदीच्या काठी गाडी लावून टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचा. घरी बायकोला सांगायचा, फिरतीवर चाललो.

त्रेचाळीस दुकानं आणि अकरा संत. माझा संत लुका, एकतीस ऑक्टोबर. मला हे पटलं कसं, असं तुम्ही विचाराल. पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. दर वर्षी स्लावेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी आमच्या गोल पावाचा तुकडा रुमालात बांधून ठेवायची. तो यायचा, टोपी काढायचा, छातीवर क्रूसाची खूण करायचा आणि डोळे मिटून तो तुकडा चावायचा. माझा नवरा गेला त्या वर्षी तो माझा हात धरून म्हणाला, “ताई, घाबरू नका. संत लुकाचं आपल्या दोन्ही घरांवर लक्ष आहे.” मी रडले. त्यानंतर त्याने कॉफीच्या किटल्यांची एक पेटी जास्त खपवली, आणि मी ती रडत रडत घेतली. बाकी सगळं मी त्याला माफ करीन, हे मात्र नाही.

आम्ही दुकानदारांनी हे आपापसात कधी बोलून कसं दाखवलं नाही? त्याचं कारण आम्हीच. दुकानदार दुकानदाराला भेटला की धंदा मंदा आहे एवढंच सांगतो आणि घाईघाईने निघतो. रादिशाला ते चांगलं ठाऊक होतं. त्याचं सगळं आयुष्य एका गोष्टीवर उभं होतं, की आम्ही त्रेचाळीस जण कधी एका खोलीत बसणार नाही.

मग कारखाना विकला गेला आणि नवा साहेब आला. वेल्को नाव, बेलग्रेडचा, पायात पांढरे बूट. त्याने पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की आमच्या भागात आता दोन नव्हे, एकच प्रतिनिधी राहील. कोण राहणार ते मिलुंकाबाईंच्या सहीवर ठरणार. मिलुंकाबाई म्हणजे चाचाकची घाऊक व्यापारी. आमच्या सगळ्यांच्या दुकानांत मिळून जेवढी भांडी जातात तेवढी तिच्या एका गोदामात मावतात. वर्षभराच्या मागणीचा कागद तिने रादिशाच्या हातात दिला तर रादिशा राहील, दुसऱ्याच्या हातात दिला तर रादिशाला नमस्कार. त्याच्या पेन्शनला दोन वर्षं बाकी होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण ठेवणार? पातेल्यावर उभं राहण्याशिवाय त्याला काही येत नव्हतं, आणि आता पातेलीही लहान निघायला लागली होती.

मिलुंकाबाईची काळजी त्याला नव्हती. ती मिखाईल देवदूताची, स्लावा एकवीस नोव्हेंबरला. रादिशाही अर्थातच मिखाईलचा. आठ वर्षांपूर्वी तिची आई वारली तेव्हा त्याने मिखाईलपुढे मेणबत्ती लावल्याचं तिला सांगितलं होतं.

तीस नोव्हेंबरला साहेबाने झ्लातिबोरच्या हॉटेलात सगळ्या दुकानदारांना जेवण दिलं. सगळ्यांना. एका खोलीत. मी आत शिरले तेव्हा रादिशा दाराशी उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. मला वाटलं, सहीची धास्ती असेल. तो या टेबलावरून त्या टेबलावर पळत होता. दोघं जण बोलायला लागले की मध्ये घुसून पातेल्यांबद्दल काहीतरी विचारायचा. इवान्यित्साच्या तिहोमिरने माझ्याजवळ खुर्ची ओढली तर रादिशा दोघांच्या मध्ये येऊन बसला. “तिहोमिरभाऊ, तुमच्याकडे झाकणं कशी जातात?” “जातात की,” तिहोमिर म्हणाला, “तू बाजूला झालास तर जेवणही जाईल.”

जेवण झालं. मिलुंकाबाईने कागद समोर ठेवला, चष्मा चढवला, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात साहेबाला सोहळ्याची हौस आली. तो उठला, ग्लासवर चमचा वाजवला.

“मंडळी, सही होण्याआधी एक छोटीशी भेट. रादिशांनी या भागात तीस वर्षं काढली. त्यांच्या घरच्या संताचं चित्र आम्ही रंगवून घेणार आहोत, चांदीच्या चौकटीत. चित्रकार विचारतोय, संत कोणता?”

रादिशाने तोंड उघडलं. पण आम्ही त्याच्या आधी बोललो. प्रेमानेच बोललो हो, आपल्या माणसाचं कौतुक होतंय म्हणून अभिमानाने बोललो.

“संत लुका!” मी ओरडले.

“निकोला!” तिहोमिर ओरडला.

“मिखाईल,” मिलुंकाबाई म्हणाली.

“योव्हान!” “गेओर्गी!” “संत पेतका!” “दिमित्री!” खोलीभर संत उठले. कोणी उझित्सेच्या टेबलावरून, कोणी खिडकीजवळून. मग हळूहळू आवाज खाली आले आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. साहेब पेन्सिल घेऊन उभाच होता.

“म्हणजे... नक्की कोणता?”

रादिशा घामाने निथळला होता. आणि तरी, काय सांगू तुम्हाला, त्याने विकायचा प्रयत्न केलाच. दोन्ही हात पसरून म्हणाला, “सगळेच थोर आहेत, साहेब. कोणाला कमी म्हणायचं?”

“गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर आशीर्वाद दिला,” मिलुंकाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “तू म्हणालास, मागे पाहुण्यांचा गोंगाट आहे, नीट ऐकू येत नाही.”

“नदीचा आवाज असेल तो,” मागून कोणीतरी बोललं. तो मोराव्याच्या काठचा दुकानदार होता, त्याने त्या दिवशी गाडी पाहिली होती. मग खोली जी हसायला लागली, ती थांबेना. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे रुमालात बांधलेले पावाचे तुकडे येत होते, एकेक.

मिलुंकाबाईने पेनाला टोपण लावलं. “खरा कोणता रे?” तिने विचारलं.

“अलिम्पिये,” रादिशा पुटपुटला.

“कोण?”

“संत अलिम्पिये. खांबावरचा.”

“हे काय, सांधेदुखीचं मलम आहे का?” तिहोमिरने विचारलं. पण म्हाताऱ्या लोकांना ठाऊक होतं. आहे असा एक संत, पन्नास वर्षांवर एका खांबावर उभा राहिला. नऊ डिसेंबरला त्याचा दिवस. आख्ख्या जिल्ह्यात त्याची चार घरं असतील नसतील.

मिलुंकाबाईने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. “नऊ डिसेंबर. सही तुझ्या घरी, तुझ्या टेबलावर. करीन किंवा नाही करणार, ते टेबल बघून ठरवीन. आणि बोलवायची तसदी घेऊ नकोस. स्लावेला कोणी बोलावतं का?”

त्या रात्री परत येताना बसमध्ये सगळ्यांचं ठरलं. आम्ही सगळेच जाणार होतो. त्रेचाळीस घरांचं न खाल्लेलं जेवण त्याच्याकडून एका दिवसात वसूल करायचं. इतक्या वर्षांत दुकानदारांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नऊ दिवस मी दुकानात गाणी म्हणत होते.

नऊ डिसेंबरला दुपारी बारा वाजता आम्ही एकेचाळीस जण चाचाकला त्याच्या इमारतीखाली जमलो. दोघं आजारी होते, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. रादिशाचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यावर खालपर्यंत रांग लागली, प्रत्येकाच्या हातात रीतीप्रमाणे बाटली किंवा कॉफीचा पुडा. सगळ्यात पुढे मिलुंकाबाई, तिच्यामागे मी. माझ्या मनात टोमणे तयार होते. चांगले चार-पाच, घासून पुसून ठेवलेले.

दार रादिशाच्या बायकोने उघडलं. स्तामेना तिचं नाव. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एवढीशी बाई, केस नुकतेच सेट केलेले, ॲप्रनच्या खाली चांगला निळा ड्रेस. तिने मिलुंकाबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जिन्यात वाकून खालपर्यंत पाहिलं.

“अगबाई! तुम्ही तर ह्यांची दुकानदार मंडळी. फोटोत पाहिलंय मी तुम्हाला,” ती म्हणाली. “पण आज आपलं घर सोडून कसं आलात? तुमच्याकडे पाहुणे नाहीत?”

“आमचे पाहुणे ऑक्टोबरात येऊन गेले,” मी म्हणाले. हा माझा पहिला टोमणा.

“ऑक्टोबरात? का बरं?”

“संत लुका ऑक्टोबरातच येतो, बाई.”

“तुम्ही अलिम्पियेच्या नाही?”

आणि मग मला कळलं. ह्या माणसाने आम्हाला शेंडी लावली होती, ती काहीच नव्हे. तीस वर्षं आमच्यापैकी एकही जण त्याच्या घरी का येत नाही, हे त्याला बायकोला सांगायला लागलंच असणार. आणि त्याच्याकडे युक्ती एकच होती.

“ते म्हणाले, तुमचा सगळ्यांचाही हाच दिवस,” स्तामेना म्हणाली. “म्हणाले, भांडीवाल्यांचा हाच संत असतो.” मग तिने मिलुंकाबाईला विचारलं, “तुमचा?”

“मिखाईल.”

“तुमचा?”

“निकोला, वहिनी,” तिहोमिरने टोपी काढून सांगितलं. त्याचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

ती जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी विचारत खाली गेली. तुमचा? तुमचा? आणि माणसं शाळेत उत्तर दिल्यासारखी सांगत होती. मागे दारात रादिशा उकडलेल्या गव्हाचं तबक घेऊन उभा होता. चमचे तबकावर किणकिणत होते. खालच्या पायरीपर्यंत जाऊन ती परत वर आली. रडली नाही, ओरडली नाही. नवऱ्याच्या हातातलं तबक नीट सरळ केलं आणि आम्हाला म्हणाली, “या. दारात का उभे? गहू घ्या.”

आत वीस ताटं मांडलेली होती. “दर वर्षी वीस मांडते,” तिने मला सांगितलं. “माझी बहीण आणि ह्यांचा भाऊ, मिळून सहा होतात. पण स्लावेला टेबल भरलेलं दिसायला हवं ना. उरलेलं मग शेजारी देते.” भट्टीत भाजलेला घेवडा, अक्रोड घातलेले कोबीचे गुंडाळे, कार्प मासा (आमच्या उपासाला मासा चालतो), सगळं उपासाचं आणि सगळं भरपूर. एकेचाळीस माणसांना पुरलं. उभ्याने, खिडकीत बसून, पलंगाच्या कडेला बसून आम्ही जेवलो आणि कोणी टोमणा मारला नाही. मला हसू येईना, आणि हसू येत नाही याचाच राग येत होता. हसायलाच तर मी गेले होते!

रीत अशी आहे की स्लावेच्या दिवशी यजमानाने बसायचं नाही. पाहुण्यांच्या ताटाकडे बघत उभं राहायचं. बाकीचे यजमान मधूनच स्वयंपाकघरात जाऊन टेकतात. रादिशा टेकायला गेला की स्तामेना नुसती म्हणायची, “तिहोमिरभाऊंचा ग्लास.” तो परत यायचा. तीन वाजेपर्यंत त्याचे पाय सुजून बुटांच्या वर आले होते.

मिलुंकाबाई स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी भांडी पुसत होते. चुलीवर सगळ्यात मोठं, आता रिकामं झालेलं पातेलं होतं, लाल, पांढऱ्या ठिपक्यांचं. झाकणाची मूठ केव्हाच गेलेली, तिच्या जागी बाटलीचं बूच स्क्रूने बसवलेलं. मिलुंकाबाईने ते पातेलं उचललं, पालथं केलं, बोटाने ठोकून पाहिलं.

“किती जुनं?”

“ह्यांच्या पहिल्या वर्षाचं. ह्यावर उभे राहायचे ना दुकानात,” स्तामेना म्हणाली. “पहिल्या स्लावेला मी ह्याच्यात चाळीस जणांचं केलं होतं. तेव्हापासून अर्धंच भरते.”

मिलुंकाबाईने पातेलं खाली ठेवलं. पर्समधून कागद काढला, ओट्यावरचं पीठ हाताने झाडलं आणि तिथेच सही केली. दारात रादिशा आला होता, त्याने हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद स्तामेनाला दिला. “पुढच्या वर्षीची सही नऊ डिसेंबरला, इथेच,” ती म्हणाली. “पातेलं पूर्ण भर.”

स्तामेनाने हात ॲप्रनला पुसले, कागदाची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. “सोमवारी नेऊन देईन कारखान्यात,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते मला कळलं नाही. नवऱ्याला नक्कीच नाही.

पाचच्या बसला सगळे गेले. मी मागे राहिले, कारण माझा रुमाल सापडत नव्हता. बैठकीत मेणबत्ती अजून जळत होती. रादिशाने इकडे तिकडे पाहिलं, एक खुर्ची ओढली, पाठीवर हात ठेवला आणि वाकायला लागला.

“पाहुणे कुठं संपले?” स्वयंपाकघरातून स्तामेना म्हणाली.

“गेले की सगळे,” तो म्हणाला. “कोणी नाही आता.”

ती दारात आली. एक हात खिशावर होता. “आजचे गेले,” ती म्हणाली. “मागच्या तीस वर्षांचे यायचेत. उभा राहा.”

रादिशाने माझ्याकडे पाहिलं. मी कोटाची बटणं लावली. मग त्याने खुर्ची टेबलाखाली परत सरकवली आणि तबक उचलून दाराकडे तोंड करून उभा राहिला.